आमची वाटचाल: सहीची बाटली, पेटी आणि लिलाव

नारायण पेठेतलं आमचं दुकान जुनी नाणी आणि टपाल तिकिटांवर उभं राहिलं. पुढे सह्यांच्या क्रिकेट बॅटी आल्या, आणि मग कँप-कोरेगाव पार्कातल्या हौशी संग्राहकांमुळे सह्यांच्या शॅम्पेन बाटल्या. या मालाने आमची कामाची पद्धतच बदलली. नाण्याचं वजन आणि छाप पाहिली की बरंचसं काम उरकतं. इथे काच, कागद, शाई, बूच आणि सरकारी पावती सगळंच तपासावं लागतं.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय भरलेली बाटली विकता येत नाही, मग ती कितीही दुर्मिळ असो. म्हणून आमच्याकडे बोली लागते ती रिकाम्या बाटल्या, लाकडी पेट्या आणि त्यांच्या झाकणांवर. भरलेली पेटी परदेशातल्या गोदामात असेल तर कागदपत्रं आणि स्थिती-अहवाल आम्ही लावून देतो, विक्री तिथलं लिलावगृह करतं. ‘परदेशातून येताना आणली’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न ड्युटीच्या पावतीचा. प्रवाशाला करमुक्त २ लिटर आणता येतात. ७५० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे साडेचार लिटर.

रिकाम्या बाटलीला कोण विचारतं? १९६७ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकल्यावर डॅन गर्नीने शॅम्पेन उडवली, बाटलीवर सही केली आणि ती फ्लिप शुल्के या छायाचित्रकाराला दिली. त्याने तिचा चक्क टेबल-लँप केला! असल्या बाटलीत विकला जातो तो प्रसंग. त्यामुळे सही होतानाचा फोटो जोडलेला असेल, तर आमच्या मते निम्मं काम झालं.

सहीचं मात्र बारकाईने पाहावं लागतं. गडद काचेवर सोनेरी किंवा रुपेरी पेंट मार्कर चालतो, पण काच कोरडी आणि खोलीच्या तापमानाला हवी. बर्फातून काढलेल्या बाटलीवर घाईघाईत सही घेतली की खाली दव राहतं, रंग काचेला धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. भिंगाखाली अक्षराची कड उचललेली दिसली की ते अहवालात जातं. स्पिरिटच्या बोळ्याने बाटली चकचकीत करून आणणारे महाभाग आहेत. सहीही त्याच बोळ्यावर उतरते. लेबलवर बॉलपेनची सही असेल तर बॅटरी तिरकी धरायची. पेनाचा दाब कागदात उमटलेला दिसतो. छापील सहीत तो नसतो. ‘क्रिस्टल’ या नावाच्या शॅम्पेनची बाटली पारदर्शक, उजेडाने पेय बिघडू नये म्हणून वर नारिंगी सेलोफेन. लेबलवर सही घ्यायला ते सोडावं लागतं, आणि मग बहुतेक जण ते फेकून देतात. ते जपा.

पुण्यातली खरी अडचण साठवणीची. शॅम्पेनला १० ते १२ अंश लागतात. एप्रिल-मेमध्ये पोटमाळ्यावर चाळिशी गाठली जाते. बाटलीच्या आत सुमारे ६ बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास सहापट दाब असतो. बूच सुकून आकसलं की वायू निसटतो, पातळी उतरते. घरचा फ्रीज लांबच्या मुक्कामाला कोरडा पडतो. पावसाळ्यात लेबलला बुरशी धरते, आणि खळीच्या वासावर कसर येते. लेबलभोवती पातळ प्लॅस्टिक सैलसर गुंडाळावं. घट्ट गुंडाळलं तर आतला दमटपणा शाई फोडतो.

पेटीचा हिशेब वेगळा. बाटल्यांवर सह्या आहेत म्हणजे पेटी उघडली गेली, मूळ सीलचा भाव गेला. सही झाकणावर घेतली तर बाटल्यांना हात लागत नाही, पण मग सुटी बाटली विकताना सही मागे राहते. म्हणून अशी पेटी आम्ही एकाच लॉटमध्ये, म्हणजे एकाच बोलीत, ठेवायला सांगतो. राखीव किंमत (जिच्याखाली माल विकायचा नाही ती) आम्ही छापलेल्या ‘इतके ते इतके’ अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा वर नको, नाहीतर बोली लावणारे सुरुवातीलाच पाठ फिरवतात. झाकण खिळ्यांचं असेल तर खिळे तसेच ठेवा. नवे ठोकलेले लगेच ओळखू येतात.