शेअर्ड ड्राइव्ह जोडताना एरर नंबर वाचा: माझा अनुभव

ऑफिसच्या विंडोज पीसीला सर्व्हरवरचा फोल्डर जोडायचा म्हणजे 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडायचं. ड्राइव्हचं अक्षर मी झेड, वाय असं शेवटून घेतो. सुरुवातीची अक्षरं पेनड्राइव्हला लागतात. पत्त्यात दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, पुन्हा एक बॅकस्लॅश आणि शेअरचं, म्हणजे शेअर केलेल्या फोल्डरचं, नाव. 'रिकनेक्ट अ‍ॅट साइन-इन'वर टिक.

एवढ्यावर जोडला गेला तर उत्तमच. नाही गेला, तर मी तीच जोडणी कमांड प्रॉम्प्टमधून (कमांड टाइप करायची काळी खिडकी) 'नेट यूज' या कमांडने करून बघतो. मॅप करायच्या खिडकीत ०एक्स८००७००३५ असा लांबलचक कोड येतो, तोच इथे सरळ ५३ दिसतो. दुखणं कुठे आहे हे त्या नंबरवरून कळतं, म्हणून तो न वाचता पासवर्ड बदलत बसू नये.

५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड खिडकीत 'टेस्ट-नेटकनेक्शन'ला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ४४५ (फाइल शेअरिंगचं पोर्ट) द्या. उत्तर फॉल्स आलं तर व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं कनेक्शन) बंद आहे, फायरवॉल आडवी येतेय किंवा नाव सापडत नाहीये. घरून काम करताना व्हीपीएन चालू असूनही छोटं नाव बऱ्याचदा सापडत नाही. तेव्हा डोमेनसकट (ऑफिसच्या नेटवर्कच्या नावासकट) सर्व्हरचं पूर्ण नाव टाका. ६७ आला तर बहुधा शेअरचं नाव चुकलंय.

१३२६ किंवा ८६ आला की लॉगिन तपासा. विंडोज उघडताना टाकतो तो पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. जुना पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) साठून राहिला असेल तर आधी तो काढा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो १२१९. एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या यूजरनेमने जोडायला विंडोज नकार देतं. नुसतं 'नेट यूज' टाकून उघड्या जोडण्या पाहा, त्या सर्व्हरची जुनी जोडणी 'नेट यूज'च्याच 'डिलीट' पर्यायाने तोडा, मग नवी करा.

५ म्हणजे परवानगी नाही. शेअरची परवानगी आणि फोल्डरची एनटीएफएस परवानगी (डिस्कवरच्या फोल्डरला लावलेली) या दोन्हींत जी कडक, तीच लागू होते. आयटीवाल्यांना दोन्ही बघायला सांगा.

आणि ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये दिसत नाही, असं झालं तर बिघाड समजू नका. अ‍ॅडमिनचं सत्र वेगळं असतं. तिथे बॅकस्लॅशवाला पूर्ण पत्ता द्यावा.