फॉरवर्डिंग चालू आहे, मग नेट का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून. जुन्या पीसीचा राउटर करायला त्यात दुसरं लॅन कार्ड घातलं, लिनक्स टाकलं, आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावर आलेलं दुसऱ्या कार्डावरून पुढे पाठवणं) १ म्हणजे चालू केलं, तरी आतल्या मशिनवर नेट का येत नाही? फोर्टातल्या सीए ऑफिसांपासून अंधेरीच्या गाळ्यांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न हाच.

बहुतेक वेळा पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, जातं, उत्तर परत येत नाही.

समजा, केबलवाल्याचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे. लिनक्सचं बाहेरचं कार्ड १९२.१६८.१.२, आतलं १९२.१६८.५०.१, मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) सगळीकडे २५५.२५५.२५५.०. आतल्या पीसींना गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, १९२.१६८.५०.१ द्यायचा. लिनक्सवर मात्र गेटवे फक्त बाहेरच्या कार्डाला; दोन्हींना दिलात तर दोन डिफॉल्ट रूट (दुसरी वाट माहीत नसली की घ्यायचा रस्ता) होतात आणि नेट कधी चालतं, कधी नाही.

आता आतल्या एखाद्या पीसीवरून, समजा १९२.१६८.५०.१० वरून, निघालेलं पॅकेट राउटरपर्यंत पोचतं, पण ५० चं नेटवर्क कुठे आहे हे राउटरला कोणी सांगितलेलंच नसतं. त्या पत्त्याचं उत्तर तो स्वतःच्या डिफॉल्ट रूटवर, म्हणजे बाहेर, सोडून देतो. राउटरवर स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला रस्ता) टाका: १९२.१६८.५०.०, गेटवे १९२.१६८.१.२. केबलवाला पासवर्ड देत नसेल (सहसा देत नाहीच), तर लिनक्सच्या बाहेरच्या कार्डावर मास्करेड लावा, म्हणजे आतली सगळी पॅकेट लिनक्सच्याच पत्त्याने बाहेर जातात. याला आळशी उपाय म्हणतात, पण भाड्याच्या जागेत तोच टिकतो. फक्त कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डर) बाहेरून बघायचा असेल, तर पोर्ट राउटर आणि लिनक्स अशा दोन ठिकाणी उघडावा लागतो.

अंदाज बांधत बसू नका, दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून आतल्या पीसीवरून पिंग करा. पॅकेट आतल्या कार्डावर दिसतं, बाहेरच्यावर नाही? मग फॉरवर्डिंग किंवा फायरवॉल. त्या मशिनवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर आधी फायरवॉलमधल्या फॉरवर्ड चेनची, म्हणजे पुढे जाणाऱ्या पॅकेटांच्या नियमांची, पॉलिसी बघा, ती ड्रॉप, म्हणजे ‘टाकून द्या’, झालेली असू शकते. बाहेर गेलेलं दिसतं पण उत्तर नाही? मग परतीचा रूट. रीबूटनंतर सगळंच बंद पडलं, तर बहुधा फॉरवर्डिंगची ओळ सिसकंट्रोलच्या (sysctl, लिनक्सच्या सेटिंगच्या) फाइलीत लिहायची राहिली आहे.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यात अडकतात, हे दुखणं वेगळं. लिनक्स स्वतः पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं कनेक्शन) डायल करत असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, नेहमीच्या १५०० बाइटऐवजी १४९२ होतो. एमएसएस क्लॅम्पिंग लावा, म्हणजे दोन्ही टोकं त्यात मावतील एवढीच पॅकेट पाठवतात.

आणि सगळं चालतं, फक्त लिनक्सच्या पलीकडच्या नेटवर्कमधला प्रिंटर सापडत नाही, असं असेल तर लिनक्सला हात लावू नका. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गेटवेची जागा रिकामी आहे का, ते बघा.