सोप्या शब्दांचं अवघड पुस्तक

"इंग्रजी तसं येतं हो मला. मेल लिहितो, मीटिंगमध्ये बोलतो, बातम्या कळतात. पण पुस्तक हातात घेतलं की वीस-पंचवीस पानांत गाडी रुतते. एखादं चांगलं पुस्तक सांगा ना."

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं, लिहून घ्यायला मोबाइलही काढलेला असतो. मी मात्र उलटा प्रश्न टाकते, "शेवटचं कुठलं सोडलंत?" त्याची उत्तरं साधारण दोनच. एक तर कुणीतरी 'हे वाचलंच पाहिजे' म्हणून गळ्यात मारलेली जाडजूड, नावाजलेली कादंबरी. नाहीतर अगदी दुसरं टोक, लहान मुलांचं पुस्तक, 'मुलांचं आहे म्हणजे सोपं असणार' म्हणून घेतलेलं. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त खट्टू झालेली असतात. मुलांचंही जमलं नाही, म्हणजे संपलंच.

माझीही एक जाडजूड कादंबरी अर्धवट राहिलेली आहे. परवा कपाट आवरताना ती सापडली. पहिली तीस पानं पेन्सिलीने काळी केलेली, पुढची साडेतीनशे कोरी. 'मेलन्कली' या शब्दावर 'उदास' असं मी तीन वेगवेगळ्या पानांवर तीनदा लिहून ठेवलं होतं, म्हणजे दर वेळी नव्याने कोश उघडला होता. हसू आलं आणि मी ती पानं पुन्हा वाचत बसले. बाराव्या पानावर नायिका एका पाहुण्याला पहिल्यांदा भेटते तिथे वाक्य आहे, 'शी टुक टू हिम ॲट वन्स.' त्यावर एकही खूण नाही. का असावी? शी, टुक, टू, हिम... सगळे शाळेतले शब्द. मी तेव्हा त्याचा अर्थ 'तिने लगेच त्याला काहीतरी नेऊन दिलं' असा लावला असणार. खरा अर्थ असा की तो तिला पाहताक्षणी आवडला. ती कादंबरी उभी आहे ती नेमकी याच आवडण्यावर. मला तेच कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हेही कळलं नव्हतं. तिसाव्या पानापर्यंत ही बाई असं का वागते याचा पत्ता न लागल्यामुळे मी पुस्तक मिटलं, आणि खापर फोडलं ते 'मेलन्कली'वर.

तेव्हापासून पुस्तक निवडण्याबद्दलचं माझं मत बदललं. इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्याला लांबलचक शब्द फारसे अडवत नाहीत. ते निदान अनोळखी म्हणून समोर उभे राहतात. कोश उघडता येतो, किंवा अंदाजाने पुढे जाता येतं. घात करतात ते गेट, पुट, मेक, टेक, आणि त्यांच्या शेपटाला लागणारे अप, आउट, ऑन, फॉर. 'ही मेड फॉर द डोअर' म्हणजे तो दाराकडे निघाला. आमच्या वाचनगटातल्या एकांनी त्याचं भाषांतर 'त्याने दारासाठी बनवलं' असं केलं होतं. काय बनवलं, हे लेखक पुढे सांगेल म्हणून ते दोन पानं वाट पाहत होते. 'ही डिडन्ट लेट ऑन' म्हणजे त्याने ताकास तूर लागू दिला नाही. 'शी वॉज पुट आउट' म्हणजे ती नाराज झाली. तिला कुणी बाहेर काढलेलं नसतं.

मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 'अनिवार्य' हा शब्द तो कोशात शोधेल आणि मोकळा होईल. पण 'लागणे'चं काय करेल? आग लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नजर लागते, फोन लागतो, मूल बोलायला लागतं, कुणी कुणाचा मामा लागतो. आणि 'तिचा डोळा लागला' हे वाचून तो दवाखान्याचा प्रसंग समजून पुढे गेला, तर चूक कुणाची?

पुस्तक निवडायची एक प्रसिद्ध युक्ती आहे, पाच बोटांची. मधलंच एखादं पान उघडायचं, अडलेल्या शब्दागणिक एक बोट मोडायचं, पाचही बोटं संपली तर पुस्तक परत फडताळात. युक्ती वाईट नाही, तिच्यामागे हिशेबही आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून असं दिसलं की मदतीशिवाय सुखाने वाचायचं तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. एका पानावर २५० शब्द धरले तर दोन टक्के म्हणजे बरोबर पाच. फक्त ही युक्ती अनोळखी शब्द मोजते. ओळखीचे वाटून फसवणारे शब्द तिच्या बोटांतून निसटतात. 'टुक टू हिम'साठी मी बोट मोडलंच नसतं.

म्हणून मी वेगळी परीक्षा सांगते. पुस्तकाचं पहिलं पान नको, लेखकाने त्यावर फार मेहनत घेतलेली असते. विसावं-तिसावं पान घ्या, जिथे दोन माणसं बोलताहेत असं. एकदाच वाचा, पुस्तक मिटा आणि तिथे काय झालं ते मराठीत, मोठ्याने, शेजारच्याला सांगितल्यासारखं सांगा. कोण कुणाला काय म्हणालं, कोण चिडलं, का चिडलं. शब्द किती अडले याचा हिशेबच ठेवू नका. नुसतं 'ते दोघं कशाबद्दल तरी बोलतायत' एवढंच सांगता आलं, तर ते पुस्तक सध्या आपलं नाही. मग मागच्या कव्हरवर त्याची कितीही आरती ओवाळलेली असो.

ही परीक्षा लावली की बरेच समज उलटेपालटे होतात. मुलांच्या पुस्तकांचंच बघा. 'ॲलिस इन वंडरलँड' १८६५ सालचं. त्यात उंदीर म्हणतो, माझी 'टेल' लांब आणि दुःखी आहे. तो बोलतोय कहाणीबद्दल, ॲलिस बघतेय त्याच्या शेपटीकडे, कारण उच्चार एकच. पुस्तकात तर ती कहाणी शेपटीसारखी नागमोडी छापलेली आहे. ज्याच्या कानात ते दोन्ही शब्द लहानपणापासून नाहीत त्याला इथे हसू येत नाही, उलट आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. 'हकलबेरी फिन' मुलांच्या कपाटात ठेवलेलं असतं, पण लेखकाने सुरुवातीलाच टीप देऊन सांगितलंय की यात अनेक बोली वापरल्या आहेत. प्रमाण इंग्रजी अजून सावरत असलेल्या माणसाने बोलीत उडी का मारावी? शेरलॉक होम्सची भाषा तशी सरळ आहे, पण त्या काळातल्या घोडागाड्यांचीच चार-पाच नावं येतात. जुनी पुस्तकं नेटवर फुकट मिळतात म्हणून शिकणारे तिकडे वळतात. फुकट आणि सोपं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) मी बिनदिक्कत हातात देते. त्यात स्किफ, गॅफ, हार्पून असे मासेमारीचे शब्द आहेत, मधूनच स्पॅनिशही येतं, आणि पाच बोटांची परीक्षा तिथे हमखास नापास करेल. पण म्हातारा, पोरगा, होडी, मासा आणि समुद्र यांच्यात काय चाललंय ते सतत दिसत राहतं. गॅफ म्हणजे नक्की कसला आकडा हे न कळताही म्हाताऱ्याच्या हाताला दोरी काचते तेव्हा आपल्याला ती काचते.

ग्रेडेड रीडर, म्हणजे ठरावीक शब्दांत लिहिलेली पायरीपायरीची पुस्तकं, सुचवली की लोकांचं तोंड उतरतं. उतरू नये. या कल्पनेमागचं एक मोठं नाव मायकल वेस्ट यांचं. ते १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षणाच्या कामात होते. मुलांच्या वाचनपुस्तकांत पानोपानी नवे शब्द कोंबलेले असल्यामुळे वाचनाला गतीच येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि मोजके शब्द घोळवत नेणारी पुस्तकं तयार केली. सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये निघाली. आजच्या ऑक्सफर्ड बुकवर्म्सच्या मालिकेत पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द असतात आणि सहाव्या, शेवटच्या पायरीला २,५००.

मधली गोम पुढे आहे. नेशन यांच्याच २००६ मधल्या हिशेबाप्रमाणे, मोठ्यांसाठी लिहिलेल्या कादंबरीत ते ९८ टक्के गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात ('रन', 'रन्स', 'रनिंग' मिळून एक कूळ). म्हणजे जिन्याची शेवटची पायरी अडीच हजारांवर आणि गच्ची आठ हजारांवर. मध्ये या मालिकेचा जिना नाही. 'इंग्रजी येतं पण पुस्तक जमत नाही' म्हणणारे सगळे या मधल्या जागेत लोंबकळत असतात. त्यात त्यांच्या बुद्धीचा काही दोष नाही.

या जागेत मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार म्हणजे जुन्या घाटाची रहस्यकथा, अगाथा ख्रिस्ती छापाची. एक घर, आठ-दहा माणसं, एक खून. मग तीच घटना आधी मोलकरीण सांगते, मग डॉक्टर सांगतो, मग पुतण्या सांगतो. रात्र तीच, दार तेच, पेला तोच, म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या तोंडून चार-पाचदा कानावर येतात. पहिल्या वेळी निसटलेलं तिसऱ्या वेळी हाताला लागतं. बरंचसं संभाषणच असल्यामुळे ते फसवे छोटे शब्दही भरपूर भेटतात, पण प्रत्येक वेळी प्रसंगाच्या आधाराने. आणि शेवटी गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत बसवून पहिल्यापासूनची गोष्ट स्वतःच उलगडून सांगतो. पुस्तकाच्या आतच पुस्तकाचा खुलासा! तुम्ही कुठे काय चुकीचं समजलात ते तिथे आयतं कळतं. इतकी सोय मला दुसऱ्या कुठल्या प्रकारात सापडलेली नाही.

गोष्टींची आवड नसेल तर तुमच्या स्वतःच्या विषयावरचं पुस्तक घ्या. हृदयाबद्दल, ताऱ्यांबद्दल, बुद्धिबळाबद्दल, ज्यात तुम्हाला आधीच गती आहे त्याबद्दल. बाहेरून ती पुस्तकं जड दिसतात, पण त्यातले जड शब्द तुमच्या रोजच्या वापरातलेच निघतात, आणि वाक्यं कादंबरीपेक्षा सरळ असतात. विनोदी लेखन मात्र शेवटी ठेवा. विनोद समजावून सांगावा लागला की त्याचा जीव जातो, आणि इथे तर तो स्वतःच स्वतःला समजावून सांगायचा असतो.

एखादा लेखक जमला की त्याचंच दुसरं घ्या, मग तिसरं. प्रत्येक लेखकाचे लाडके शब्द असतात, वाक्याची एक ठरलेली चाल असते. पहिल्या पुस्तकात तुम्ही त्या चालीला सरावता, दुसऱ्यात वाचता. नवा लेखक म्हणजे पुन्हा नवी चाल. यादी करून दहा लेखकांचं एकेक वाचणाऱ्यांपेक्षा एकाच लेखकाची चार वाचणारे माझ्या पाहण्यात लवकर सुटले आहेत.

कोशाबद्दल थोडक्यात. अनोळखी शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तरच उघडा. पण सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्याला अर्थ लागत नसेल, तर तिथे नक्की थांबा, आणि सुटा शब्द न शोधता अख्खी जोडी शोधा, 'टेक टू', 'मेक फॉर', 'लेट ऑन'. शिकणाऱ्यांसाठी काढलेला इंग्रजी-इंग्रजी कोश यासाठी बरा. लाँगमनच्या कोशात अर्थ सांगायला सुमारे २,००० सोपेच शब्द वापरतात, त्यामुळे एका शब्दाचा अर्थ बघायला गेलो आणि आणखी तीन अडले असं होत नाही.

आणि पुस्तक सोडायचं असेल तर सोडा. पन्नास पानं ही माझी मर्यादा. विद्यार्थ्यांना मी तीस सांगते.

'दारासाठी बनवलं'वाल्या गृहस्थांना मी मागे एक रहस्यकथा दिली होती, पातळशी, जेमतेम दोनशे पानांची. तीन आठवड्यांनी ते आले ते तणतणतच. त्यांनी पुतण्याला खुनी ठरवलं होतं, पुरावे वहीत उतरवून ठेवले होते, आणि निघालं भलतंच कुणी. मी ती वही मागून घेतली. त्यांचा एकेक पुरावा पुस्तकाशी ताडून पाहिला. एकही वाक्य त्यांनी चुकीचं वाचलेलं नव्हतं. लेखिकेने फसवलं होतं, ते तर मलाही फसवलं होतं.

"मग तिचंच दुसरं आहे का?" त्यांनी वही परत घेत विचारलं.