ट्रॉम्सो ते लाँगइयरबेन: विमान पावणेदोन तासांचं, पण एक दिवस हातात ठेवा

एप्रिलच्या शेवटी मी आणि बायको उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून स्वालबार्ड बेटांवर, तिथल्या लाँगइयरबेन गावाला जाऊन आलो, तेव्हापासून किती लांब आहे, किती वेळ लागतो हे बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहितो. हवाई अंतर साधारण 960 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच, आणि विमानाला 1 तास 40 मिनिटांच्या आसपास लागतात. ऑस्लोहून थेट गेलात तर 3 तास धरा. ट्रॉम्सो 69 अंश उत्तर अक्षांशावर आणि लाँगइयरबेन 78 अंशांवर, नियमित प्रवासी विमानं जातात असा जगातला सगळ्यात उत्तरेकडचा विमानतळ हाच.

आता व्हिसाचं, हे नीट वाचा. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. तिथे राहायला व्हिसा लागत नाही, पण रस्ता नॉर्वेतूनच जातो, त्यामुळे जाताना तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि येताना पुन्हा आत येता, म्हणजे व्हिसा डबल किंवा मल्टिपल एन्ट्रीचाच हवा. आमच्या एजंटने सिंगलवर टिक केलं होतं, बायकोने सही करायच्या आधी फॉर्म वाचला म्हणून वाचलो. ऑस्लोहून येणारं विमान ट्रॉम्सोला थांबून पुढे जाणार असेल तरी तिथे उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यामुळे पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

आम्ही पहिल्या दिवशी पोचलोच नाही. वर गेलो, अर्ध्या वाटेवरचं बेअर आयलंड ढगांत गेलेलं, आणि लाँगइयरबेनवर धुकं इतकं की विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि सरळ ट्रॉम्सोला परत. रात्र तिथेच काढली, दुसऱ्या दिवशी सकाळचं कुत्र्यांच्या स्लेजचं बुकिंग गेलं, पैसे परत मिळाले नाहीत, बायको फार हिरमुसली कारण तिची ती वर्षानुवर्षांची इच्छा होती. म्हणून सांगतो, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी महागाचं काही ठरवू नका आणि शेवटी एक दिवस मोकळा ठेवाच. थर्मल, हातमोजे, टोपी हातातल्या बॅगेत घ्या.

दुसऱ्या दिवशी मात्र आकाश स्वच्छ होतं. खाली टोकदार पांढरे डोंगर, मग एकदम फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याचं, काळं पाणी आणि त्याच्या काठालाच धावपट्टी. एरोब्रिज वगैरे नाही, शिडीवरून उतरायचं, उणे 12 होतं, पहिल्याच श्वासाला नाकातले केस कडक झाले. बाहेर पांढऱ्या अस्वलाची पाटी आहे, खाली लिहिलंय की हा इशारा सगळ्या स्वालबार्डला लागू, आणि ते खरंच पाळा, गावाबाहेर एकट्याने जायचं नाही, बंदूक असलेला गाईड हवाच. विमान उतरलं की बस उभी असते, ती हॉटेलांपर्यंत सोडते. हॉटेलात शिरताना बूट काढायचे, कोळशाच्या खाणींच्या काळातली पद्धत आहे, आपल्याला तर घरी आल्यासारखंच वाटतं.

इथून अजून 110 किलोमीटर वर नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन स्टेशन आहे, गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. तिथे छोटं डॉर्नियर विमान जातं, पण ते तिथे काम करणाऱ्यांसाठी, आपल्याला उन्हाळ्यात बोटीने जाता येतं. आम्हाला ते जमलं नाही, जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी नक्की बघा.

परतीला ट्रॉम्सोत पासपोर्टच्या रांगेत आम्हाला पाऊण तास लागला, पुढचं विमान निदान अडीच तासांनंतरचं घ्या.