रंजलेगांजले म्हणजे नेमके कोण?

‘रंजलेगांजले म्हणजे गरीबच ना? मग सरळ गरीब का नाही लिहायचं?’ मी मुद्रितं तपासते, त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो. एखाद्या संस्थेचं आवाहनपत्र नाहीतर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक छपाईला जायच्या घाईत असतो, तेव्हा हमखास. अशाच एका फलकावर ‘रंजल्या-गंजल्यांचा आधार’ लिहिलं होतं. एक काना राहिला आणि माणसं लोखंडाची झाली!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ते बहुधा गरीब असतातच, पण शब्द गरिबीचा नाही, जाचाचा आहे. गांजणं आपल्याला अजून कळतं. सासूने सुनेला गांजलं, शेतकरी कर्जाने गांजला. आपोआप कुणी गांजत नाही. गांजणारं कुणीतरी लागतं. घोळ होतो तो ‘रंजले’पाशी. शाळकरी मुलांना वाटतं, ज्यांचं मनोरंजन झालं ते. त्यांचं काय चुकलं? आपल्या बोलण्यात उरलंय ते रंजन, रंजक, एवढंच. हा रंज निराळा. फारसीत रंज म्हणजे दुःख, हिंदीतली रंजिश त्याच घरची, आणि आपलं जुनं रंजणंही तिथलंच दिसतं. रंजणं म्हणजे त्रासून, कष्टी होऊन जाणं.

‘जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले’ लिहिणारे तुकोबा देहूच्या महाजनाच्या घरातले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरचं द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न’ करत मेली, हे त्यांनीच एका अभंगात सांगितलंय. कुळांची आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. म्हणजे गांजलेले आणि गांजणारे, दोन्ही बाजू ऐन घरात पाहिलेला हा माणूस. ‘जे का रंजले गांजले’ याच अभंगात पुढे ‘ज्यासी आपंगिता नाही’ येतं. आपंगिता म्हणजे आपलं म्हणून सांभाळणारा. मला विचाराल तर शब्दाचा खरा अर्थ तिथे आहे. गरिबालाही आपंगिता असू शकतो. याला तो नाही.

म्हणूनच सरकारी कागदात हा शब्द बसत नाही. तिथे दारिद्र्यरेषा असते, पिवळं रेशनकार्ड असतं, केशरी असतं. तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला मिळतो, गांजल्याचा नाही.

आणखी एक. ‘मी रंजलागांजला आहे’ असं कुणी म्हणताना ऐकलंय? हा शब्द कायम दुसऱ्यासाठी, तोही बहुतेकदा व्यासपीठावरून. शिष्यवृत्तीच्या पत्रकात तो घालू नका. ‘गरजू’ लिहा, अगदीच राहवत नसेल तर ‘गरीब व होतकरू’. ज्या मुलाला अर्ज भरायचाय, तोही ते पत्रक वाचणार असतो.

आणि वापरलातच तर दोन्ही अंगांना सामान्यरूप द्या: रंजल्यागांजल्यांना. ‘रंजलेगांजल्यांना’ दिसलं की माझी पेन्सिल उठते.