तुम्ही विचारलंत म्हणून: फाईलमधला भलामोठा आकडा जसाच्या तसा परत कसा आणायचा?

"पायथॉनमध्ये १००० चं फॅक्टोरियल (१ ते १००० सगळ्यांचा गुणाकार) फाईलमध्ये बिनबोभाट जातं, २००० चं लिहायला गेलं की व्हॅल्यू एरर. असं का?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची पोरं हे हटकून विचारतात.

गणित चुकलेलं नसतं, आकडा मेमरीत धडधाकट असतो. अडतं ते त्याला दशमानात लिहिताना. पहिल्याला २५६८ अंक, दुसऱ्याला ५७३६. आणि पायथॉन ३.११ पासून अंकांच्या मजकुराची मर्यादा आहे ४३००. आत संख्या दोनाच्या हिशोबात साठवलेली असते. ती दशमानात उतरवायची तर नेहमीच्या रीतीने अंक दुप्पट झाले की वेळ साधारण चौपट लागतो. कुणी मुद्दाम लाखो अंकांची स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, पाठवून सर्व्हर लटकवू नये म्हणून हा अडसर. तो काढता येतो, पण बाहेरचा डेटा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये काढू नका.

मुळात दशमानात जायचंच कशाला? सोळाच्या पायात, म्हणजे हेक्समध्ये लिहा: मर्यादा नाही, वेगही चांगला, शिवाय एका ओळीत एक आकडा ठेवता येतो. जागा वाचवायची असेल तर to_bytes, म्हणजे आकडा थेट बाइटांत उतरवणारी सोय. बिट-लेंग्थमध्ये (आकड्याला लागणाऱ्या बिटांच्या संख्येत) ७ मिळवून ८ ने पूर्णांक भागाकार केला की लागणारे बाइट मिळतात. २००० च्या फॅक्टोरियलला २३८२. ऋण आकडे येणार असतील तर ७ ऐवजी ८ मिळवा आणि 'साइन्ड' (signed, म्हणजे चिन्हासकट) हा पर्याय चालू ठेवा, लिहिताना आणि वाचतानाही. लिहिताना विसरलात तर एरर तरी येते. वाचताना विसरलात तर -१ चे गुपचूप २५५ होतात, आणि हे जास्त वाईट. बाइटचा क्रमही तसाच: बिग (मोठा बाइट आधी) म्हणून लिहिलेले २५८ लिटल (लहान बाइट आधी) म्हणून वाचले की ५१३.

एका फाईलमध्ये अनेक आकडे असतील तर प्रत्येकाआधी ४ बाइटांत लांबी लिहा. नव्या ओळीवर तोडू नका. ओळ संपवणारा १० हा बाइट आकड्याच्या पोटातही निघतो.

पिकल, म्हणजे पायथॉनची स्वतःची डेटा साठवायची पद्धत, सोपं आहे, पण अनोळखी माणसाची पिकल फाईल उघडू नका, तिच्यातून कोड चालवता येतो. जेसनमध्ये (JSON, प्रोग्रामांत डेटा देवाणघेवाणीचा मजकूर-साचा) आकडा अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९३ चा शेवटचा ३ घालवून २ करतं. एक्सेल तर १५ अंकांपुढे शून्यंच भरतं.

आपल्या भागातली एक गंमत: पायथॉनचं इंट (int, मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) देवनागरी अंक घेतं, कन्नडही घेतं, एकाच आकड्यात दोन्ही मिसळले तरी कुरकुर करत नाही. परत लिहिताना मात्र इंग्रजी अंकच, आणि सुरुवातीची शून्यं गायब. रोल नंबर, खाते क्रमांक असलं काही असेल तर ते स्ट्रिंगच राहू द्या.