स्पीड भरपूर, तरी कॉल अडकतोय

दोनेक महिने आमच्या घरातलं वायफाय रात्रीचे दहा वाजले की आजारी पडायचं. दिवसा बरं चालायचं, आणि रात्री ऑफिसचा कॉल लागला की समोरचा माणूस रोबोटसारखा बोलायला लागायचा, मग गोठायचा, मग एकदम तीन वाक्यं भराभर बोलून टाकायचा. पोरगा गेम खेळताना आतल्या खोलीतून ओरडायचा तो वेगळाच. मी उठून राउटरसमोर जायचो, फोनवर स्पीड टेस्ट करायचो, ९० च्या वर एमबीपीएस. प्लॅनच १०० चा, म्हणजे भांडायलाही तोंड नाही. तरी कस्टमर केअरला फोन लावलाच, तिकडून नेहमीचं, सर राउटर बंद करून चालू करा. केला. मग, सर तुम्ही २०० चा प्लॅन घ्या. तोही घेतला, हसू नका. काडीचा फरक पडला नाही.

आता कळतंय की मी स्पीडच्या मागे धावत होतो आणि दुखणं लेटन्सीचं होतं. स्पीड म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो, आणि लेटन्सी म्हणजे एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन त्याचं उत्तर यायला किती वेळ लागतो. साध्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, त्याला २०० देऊन तो काय करणार, पण पॅकेट अर्धा सेकंद कुठंतरी अडकलं की कॉलची वाट लागली.

शेवटी एका रात्री वैतागून लॅपटॉपवर त्या काळ्या कमांडच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत राउटरला पिंग, म्हणजे एक पॅकेट पाठवून उत्तराचा वेळ मोजायचा, पत्ता १९२.१६८.१.१ (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो), दुसरीत बाहेर ८.८.८.८ ला, तो गुगलचा डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर आहे. विंडोजवर शेवटी -t लावा, नाहीतर चार वेळा पिंग करून ते थांबतं. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कारण पहिल्या खिडकीतलं पॅकेट घराबाहेर पडतच नाही. तिथं आकडे नाचत असतील तर दोष आपल्या वायफायचा, कंपनी बदला नाहीतर प्लॅन बदला, काही होणार नाही. पहिली खिडकी शांत आणि दुसरी नाचतेय, तर मग राउटरच्या पुढे बघायचं.

वायफाय नीट असेल तर राउटरचं पिंग २ ते ५ मिलिसेकंदांत येतं. माझं होतं ३, ४, ३, १८६, २४०, ५ आणि मध्येच रिक्वेस्ट टाइम्ड आउट. म्हणजे महिनाभर मी ज्या कंपनीला शिव्या घालत होतो तिचा यात काही संबंधच नव्हता (निदान तोपर्यंत तरी, पुढे येतोय).

वायफायची खरी अडचण अशी की हवा सगळ्यांची सामायिक आहे. एका चॅनलवर (वायफायच्या पट्ट्यातल्या एका कप्प्यावर) एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे ऐकत थांबतात, आणि यात शेजाऱ्यांचे राउटरही आले. ॲप टाकून स्कॅन केलं तर १७ नेटवर्कं दिसली आणि माझा राउटर ऑटोवर राहून २.४ गिगाहर्ट्झच्या चौथ्या चॅनलवर ४० मेगाहर्ट्झ पसरून बसलेला. तिथं चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत पण प्रत्येकाला जागा लागते साधारण २० ची, म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांना धक्का न लावता नांदतात. चौथ्यावर बसलं की १ वाल्यांशीही भांडण आणि ६ वाल्यांशीही. आणि अर्धवट भांडण पूर्ण भांडणापेक्षा वाईट, कारण एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीनं बोलतात, अर्धवट ओव्हरलॅप असला की समोरच्याचं बोलणं समजत नाही, नुसता गोंगाट होतो. चॅनल ११ केला, रुंदी २० केली.

मग लक्षात आलं की राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडचं (पट्ट्यांचं) नाव एकच ठेवल्यामुळे लॅपटॉप आपला २.४ वरच चिकटून बसलाय आणि फोन मात्र ५ वर, म्हणून तर फोनवर ९० यायचे. नावं वेगळी केली. लॅपटॉप आणि फोन ५ वर, प्रिंटर आणि बल्ब २.४ वर. ५ मध्ये चॅनल ३६ दिला, कारण ५२ ते १४४ मध्ये रडारचा नियम आहे, रडार ऐकू आलं की राउटरला तो चॅनल सोडून पळावं लागतं, कॉलच्या मध्यात तो तमाशा नको.

राउटर कुठं होता ते सांगायलाच लाज वाटते. टीव्हीच्या मागे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कारण तिथं तो दिसत नाही. टेबलावर सिग्नल उणे ७४ डीबीएम (सिग्नलची ताकद, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी चांगली). उचलून कपाटाच्या डोक्यावर ठेवला, उणे ५८. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दर ३ डीबीला ताकद दुप्पट होते, म्हणजे १६ चा फरक हा जवळजवळ ४० पट. कॉलसाठी साधारण उणे ६७ च्या आत राहिलं तर बरं. अजून एक, माझी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लॅपटॉपला चिकटूनच असायची. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ च्या पट्ट्यात येतो, इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर लिहून ठेवलंय. माझ्याकडे तिनं किती बिघडवलं माहीत नाही, पण वायर लांब केली.

दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या रात्री दहाला परत तेच!

पण या वेळी पहिली खिडकी ३, ३, ४ आणि दुसरी ४५०, ६१०, ७२०. म्हणजे वायफाय निर्दोष. मग दहा वाजता घरात काय होतं याचा विचार करत बसलो आणि बघितलं तर बायको फोन चार्जिंगला लावत होती. चार्जिंग आणि वायफाय दोन्ही मिळालं की तिचे फोटो आणि व्हिडिओ बॅकअपला चढायला लागतात, अपलोड पूर्ण भरतं. माझं अपलोड १० एमबीपीएस, दोन्ही प्लॅनमध्ये तेवढंच, आणि स्पीड टेस्टमध्ये मी नेहमी डाउनलोडचा मोठा आकडा बघायचो, अपलोडचा कधी वाचलाच नाही.

याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस नावाच्या इंजिनिअरनं साधारण २०१० च्या सुमारास हा शब्द आणला. पॅकेट हरवलं की पाठवणारा वेग कमी करतो. पण राउटर, मोडेमवाल्यांनी मेमरी स्वस्त म्हणून भल्यामोठ्या रांगा ठेवल्या, काही हरवतच नाही, त्यामुळे फोनला वाटतं रस्ता मोकळा आहे आणि तो ढकलतच राहतो. रांगेत १ एमबी साठलं म्हणजे ८ मेगाबिट, १० च्या लाइनवर ते बाहेर पडायला ०.८ सेकंद, आणि माझ्या कॉलचं इवलंसं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे उभं. खिडकीतला ७२० चा आकडा हाच. स्पीड टेस्टच्या साध्या पिंगमध्ये हे सापडत नाही कारण ते लाइन रिकामी असताना मोजलं जातं, फास्ट डॉट कॉमवर मात्र जास्त माहिती उघडली की लोडखालची लेटन्सी वेगळी दिसते.

इलाज म्हणजे एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, रांगेवर ताबा ठेवणारी राउटरमधली सोय), राउटरला सांगायचं की अपलोड १० च्या ऐवजी ८.५-९ वरच थांबव, म्हणजे रांग मोडेममध्ये न साठता आपल्या ताब्यात राहते आणि एफक्यू-कोडेल नावाची रांग लावायची पद्धत प्रत्येकाला आळीपाळीनं सोडते. त्यातला कोडेलचा भाग व्हॅन जेकबसन आणि कॅथलीन निकोल्स यांनी २०१२ मध्ये मांडला. कंपनीच्या डब्यात ही सोय नव्हती, म्हणून तो ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो आता नुसतं मोडेमचं काम करतो, आणि जुन्या राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) घालून पुढे लावला. एक रविवार गेला, दोनदा घरचं नेट पूर्ण बंद पडलं, त्यावरून बोलणी बसली. आता बॅकअप चालू असताना बाहेरचं पिंग २५ च्या वर जात नाही, बॅकअपला थोडा जास्त वेळ लागतो आणि ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

प्लॅन परत १०० वर आणला. वरच्या खोलीत अजून उणे ७९ आहे. तिथं रिपीटर लावणार नाही, एकाच रेडिओचा रिपीटर प्रत्येक पॅकेट ऐकून परत बोलतो, स्पीड निम्मा. सरळ केबल ओढायची ठरवलंय, भिंतीला भोक पाडायची परवानगी मात्र मिळायचीय.